कंपोनंट डायग्राममधला गोळा, वाटी आणि तुटक बाण नेमकं काय सांगतात

फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट पोरं माझ्याकडे बघायला पाठवतात, जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा, सगळीकडची, आणि जवळपास प्रत्येक रिपोर्टात एक पान असतं ज्यावर पाच-सहा चौकोन, त्यांच्यात सगळीकडे बाण आणि खाली लिहिलेलं असतं कंपोनंट डायग्राम. प्रोजेक्ट मनापासून केलेला असतो, कोड चालतो, पण त्यातल्या एका रेषेवर बोट ठेवून विचारलं की बाबा ही रेष काय सांगते, तर उत्तर येतं "सर, हे त्याला कनेक्ट आहे." आता कनेक्ट आहे म्हणजे काय? कोण कोणाकडे काम मागतं? कोण बंद पडलं तर कोणाचं अडतं? उद्या एक चौकोन काढून दुसरा बसवायचा ठरला तर कुठंकुठं हात लावावा लागेल? त्या रेषेनं हे सांगायला पाहिजे, आणि सांगायची चिन्हं केव्हापासून ठरलेली आहेत, फक्त ती नीट कोणी समजावत नाही.

हा विषय फक्त परीक्षेपुरता नाहीये. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय मध्येच अडखळलं तेव्हा दुकानदार, पेट्रोल पंप, भाजीवाले सगळेच थांबले होते आणि माझं अॅप तर चालू आहे मग पैसे का जात नाहीत हा प्रश्न सगळ्यांना पडला होता. अॅप चालू होतं हे खरंच, पण त्याला जे पाहिजे होतं ते देणारा पलीकडचा भाग अडकला होता. हे देणं-घेणं कागदावर मांडायची पद्धत म्हणजे आजचा विषय.

यूएमएल आणि कंपोनंट, दोन मिनिटांत

यूएमएल ही सॉफ्टवेअरचे नकाशे काढायची ठरवून घेतलेली चिन्हभाषा. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इवार जेकबसन हे तिघं आधी आपापल्या वेगळ्या पद्धती वापरायचे, मग रॅशनल नावाच्या कंपनीत एकत्र आले आणि १९९७ साली ओएमजी या संस्थेनं त्यांच्या एकत्र केलेल्या भाषेला स्टँडर्ड म्हणून मान्यता दिली. पुढे २००५ मध्ये यूएमएल २.० आलं, त्यात कंपोनंट डायग्रामची चिन्हं बरीच बदलली. सध्याचं २.५.१ हे व्हर्जन २०१७ चं आहे.

कंपोनंट म्हणजे सॉफ्टवेअरचा असा भाग जो काढून त्या जागी दुसरा बसवता येतो, कारण बाहेरच्या जगाशी त्याचं बोलणं ठरलेल्या ठिकाणूनच होतं. त्या ठरलेल्या बोलण्याला इंटरफेस म्हणायचं. इंटरफेसमध्ये फक्त काय मागता येईल आणि काय मिळेल एवढंच असतं, आत ते कसं होतं याच्याशी बाहेरच्याला काही घेणं नसतं.

आता उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ, रावेर-यावलकडच्या केळी खरेदीचं अॅप. त्यात एक कंपोनंट रोजचा भाव सांगतो, केळीच्या प्रत्येक प्रकारच्या मालाचा, म्हणजे नवतीचा वेगळा, पिलबागचा वेगळा, वापसीचा वेगळा. दुसरा कटाईचं आणि ट्रकचं नियोजन बघतो. तिसरा हिशोब करतो, वजन गुणिले भाव, त्यातून कपात, मग बिल. चौथा पैसे पाठवतो. हिशोबाला भाव लागतो, पैसे पाठवणारा लागतो. पुढचं सगळं याच अॅपवर बघू.

ठिबकची जोडणी डोळ्यासमोर आणा

केळीच्या वावरात ठिबक बसवलेलं प्रत्येकानं पाहिलंय. मोटर, मग व्हेंच्युरी, फिल्टर, मेनलाइन, प्लॉटच्या तोंडाशी वॉल (व्हॉल्व्ह), सबमेन आणि शेवटी झाडाजवळून जाणाऱ्या नळ्या. यातली फक्त व्हेंच्युरी घ्या. तिला काहीतरी लागतं, म्हणजे प्रेशरनं येणारं पाणी. ती काहीतरी देते, म्हणजे खत मिसळलेलं पाणी. तिच्या आत हवा-पाण्याचं काय गणित चालतं ते लाइन जोडणाऱ्याला माहीत नसलं तरी चालतं, त्याला फक्त दोन तोंडं बघायची असतात, साइज जुळते का आणि आटे जुळतात का. जुळले की कुठल्याही कंपनीची व्हेंच्युरी बसते.

कंपोनंटचंही तेच. प्रत्येकाची दोन प्रकारची तोंडं, एक देण्याचं आणि एक मागण्याचं.

देण्याचं तोंड दाखवायला कंपोनंटच्या चौकोनातून एक काडी काढतात आणि टोकाला पूर्ण गोल. याला सगळीकडे लॉलीपॉप म्हणतात, मी पुढे गोळा म्हणतो. मागण्याचं तोंड दाखवायला काडीच्या टोकाला अर्धा गोल, वाटीसारखा उघडा, त्याचं नाव सॉकेट, मी वाटी म्हणतो. शेजारी इंटरफेसचं नाव लिहायचं. म्हणजे भाव कंपोनंटमधून गोळा निघेल आणि त्यावर लिहिलेलं असेल "आजचा भाव", आणि हिशोबातून वाटी निघेल, तिच्यावरही "आजचा भाव".

वाटीत गोळा बसला की झालं असेंब्ली कनेक्टर. दोन कंपोनंटमधल्या जोडणीचं मुख्य चिन्ह हेच. वाचायचं कसं, तर वाटीच्या बाजूचा मागतोय, गोळ्याच्या बाजूचा देतोय, आणि मागणाऱ्याची गरज देणाऱ्यानं भागवली. दोन्हीकडची नावं अक्षरशः सारखीच असली पाहिजेत असं काही नाही, पण जे दिलं जातंय त्यात जे मागितलंय ते सगळं असलं पाहिजे. हिशोब नवती, पिलबाग आणि वापसी असे तिन्ही भाव मागत असेल आणि समोरचा फक्त नवतीचाच देत असेल तर चित्रात कितीही सुंदर बसवा, ती जोडणी चुकीची.

आणि जी वाटी रिकामी राहिली ती म्हणजे उघडी गरज. डायग्राम हातात आला की मी पहिल्यांदा रिकाम्या वाट्या शोधतो, कारण सिस्टिम तिथेच अडणार असते. पोरांच्या रिपोर्टात एसएमएस पाठवणारा कंपोनंट कित्येकदा विसरलेला असतो, शेतकऱ्याला मेसेज जाईल असं लिहिलेलं असतं पण तो पाठवणार कोण हे चित्रात कुठंच नसतं. नुसते बाण काढले तर ही चूक दिसतच नाही, वाटी काढली की लगेच दिसते.

पाणी इकडून तिकडे जातं, मग बाण पण तसाच का नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून थोडं थांबून बघू. पोरं म्हणतात, सर भाव तर भाव कंपोनंटकडून हिशोबाकडे येतो ना, मग बाण हिशोबाकडे पाहिजे. ठिबकचं उदाहरण इथं पुरत नाही, कारण पाणी एकाच दिशेनं वाहतं. सॉफ्टवेअरमध्ये हिशोब आधी विचारतो, ते विचारणं एका दिशेनं जातं, आणि उत्तर उलट दिशेनं येतं, म्हणजे माहिती दोन्हीकडून फिरते. म्हणून कंपोनंट डायग्राम माहिती कुठून कुठे वाहते ते दाखवतच नाही, तो दाखवतो कोण कोणावर अवलंबून आहे. माहितीचा प्रवास दाखवायचा असेल तर डेटा फ्लो डायग्राम वेगळा असतो, आणि आधी कोण बोललं नंतर कोण बोललं हे दाखवायला सिक्वेन्स डायग्राम.

त्यामुळे बाण काढायचाच असेल तर मनात एकच प्रश्न विचारायचा, यातला कोण बंद पडला तर दुसऱ्याचं अडेल? भाव बंद पडला तर हिशोब अडतो. हिशोब बंद पडला तर भावाचं काही बिघडत नाही, तो भाव सांगतच राहतो. म्हणजे हिशोब भावावर अवलंबून, बाण हिशोबाकडून निघून भावाकडे जाणार, आकडा उलट दिशेनं येत असला तरी. गोळा-वाटीत हा घोळच होत नाही, कारण तिथं बाणच नसतो, म्हणून नवीन शिकणाऱ्याला मी सांगतो की शक्य तिथं गोळा-वाटीच वापर.

पोर्ट कशासाठी

चौकोनाच्या कडेवर बसवलेला छोटा चौकोन म्हणजे पोर्ट, प्लॉटच्या तोंडाशी वॉल असतो तसा. गोळे आणि वाट्या थेट चौकोनातून न काढता पोर्टमधून काढता येतात. कंपोनंटला बाहेर बोलायच्या दोन-तीन वेगळ्या जागा असल्या, म्हणजे समजा शेतकऱ्याशी एक आणि बँकेशी एक, तर पोर्टनं त्या वेगळ्या ठेवता येतात. एक बारकी गोष्ट लक्षात ठेवा, गोळा-वाटी चिन्ह हे साध्या पोर्टसाठी आहे, म्हणजे ज्याच्यावर एकच इंटरफेस आहे. एकाच पोर्टवर तीन-चार इंटरफेस असले तर दोन्ही पोर्टमध्ये सरळ साधी रेष ओढायची, तीही असेंब्ली कनेक्टरच.

पोटातल्या कंपोनंटपर्यंत काम पोचतं कसं: डेलिगेशन

हिशोब कंपोनंट बाहेरून एकच दिसतो पण आत दोन भाग आहेत, एक कपात काढतो, दुसरा बिल बनवतो. बाहेरून कोणी म्हटलं "बिल दे" तर ते येतं हिशोबाच्या कडेवरच्या पोर्टवर. पण पोर्ट स्वतः काही बिल बनवत नाही, प्लॉटचा वॉल स्वतः कुठल्या झाडाला पाणी घालत नाही तसंच, तो फक्त आतल्या सबमेनकडे सोडतो. तर हे "मी नाही करत, आतला करेल, त्याच्याकडे देतो" दाखवणारी जोडणी म्हणजे डेलिगेशन कनेक्टर. साधी रेष, टोकाला उघडा बाण, आणि बऱ्याच चित्रांत वर दुहेरी कोनांच्या खुणेत डेलिगेट असं लिहिलेलं.

इथं मात्र बाण असतो आणि त्याची दिशा महत्त्वाची. बाहेरून काम आत येत असेल तर बाण कडेवरच्या पोर्टकडून आतल्या बिल भागाकडे. आतल्या भागाला बाहेरचं काही पाहिजे असेल, म्हणजे बिल झाल्यावर "पैसे पाठव" हे बाहेरच्या पेमेंट कंपोनंटला सांगायचं असेल, तर बाण आतल्या भागाकडून कडेवरच्या पोर्टकडे, आणि तिथून बाहेर वाटी. गोळ्याचा निरोप आत, वाटीचा निरोप बाहेर.

असेंब्ली कुठली आणि डेलिगेशन कुठलं हे ओळखायला पाठांतर लागत नाही. रेषेचं एक तरी टोक बाहेरच्या मोठ्या चौकोनाच्या स्वतःच्या कडेवरच्या पोर्टला टेकत असेल तर डेलिगेशन, आणि दोन्ही टोकं आतल्या भागांना किंवा त्या भागांच्या पोर्टांना टेकत असतील तर असेंब्ली. स्टँडर्डमध्येही जोडणीचा प्रकार असाच टोकांवरून ठरतो. एक अपवाद आहे, मोठ्या कंपोनंटनं एखादं काम आत कोणाकडे न देता स्वतःच करायचं ठरवलं तर त्या पोर्टला बिहेवियर पोर्ट म्हणतात आणि तिथं टोक टेकलं तरी ते डेलिगेशन होत नाही, पण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ही वेळ सहसा येत नाही.

तुटक बाण आणि सरळ रेष, दोन्हीचा अर्थ एकच का?

नाही, आणि हा फरक पुस्तकंसुद्धा घाईत उरकतात. तुटक रेषेचा बाण म्हणजे डिपेंडन्सी, अवलंबून असणं. सरळ रेष किंवा गोळा-वाटीची जोडणी म्हणजे कनेक्टर. पहिल्यांदा वाचताना दोन्ही एकच वाटतात.

परत ठिबककडे या. दुकानातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की या व्हेंच्युरीला दोन इंची लाइन लागते. ते सगळ्याच तसल्या व्हेंच्युरींबद्दल आहे, कोणाच्याही वावरातल्या. आणि तुमच्या वावरात विहिरीजवळच्या लाइनला प्रत्यक्ष जी बसवलीय ती एक ठराविक जोडणी. तुटक बाण माहितीपत्रकाच्या पातळीवरचा, कनेक्टर वावरातल्या जोडणीचा.

आता अॅपमध्ये बघा, इथं फरक खरोखर कामाला येतो. रावेरचा व्यापार बऱ्हाणपूरच्या भावाकडे डोळे लावून असतो, त्यामुळे आपल्या अॅपमध्ये भावसेवा या एकाच प्रकारचे दोन भाग ठेवले, एक रावेरचा आणि एक बऱ्हाणपूरचा. चित्रात ते असे लिहितात, "रावेर : भावसेवा" आणि "बऱ्हाणपूर : भावसेवा", कोलनच्या आधी त्या भागाचं नाव, नंतर त्याचा प्रकार. हिशोबाकडून भावसेवेकडे नुसता तुटक बाण काढला तर एवढंच कळतं की हिशोबाला भावसेवा लागते. पण बिल कुठल्या भावानं होतंय, रावेरच्या की बऱ्हाणपूरच्या? शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळा प्रश्न तोच आहे ना! ते तुटक बाणाला सांगताच येत नाही, कारण त्याच्या पातळीवर दोन्ही एकच आहेत. मोठा चौकोन काढून आत दोन्ही भाग ठेवले, हिशोबाची वाटी रावेरच्या गोळ्यात बसवली आणि दोन्ही भावांची तुलना दाखवणाऱ्या आलेखाच्या भागाची वाटी दोघांना जोडली, की मग कळतं.

म्हणून सुरुवातीला, अजून सगळं ठरतंय तेव्हा, तुटक बाण चालतात. प्रत्यक्ष बांधणी ठरली की कनेक्टर काढा.

अजून एक तुटक रेष भेटेल, टोकाला पोकळ त्रिकोण असलेली. ती रियलायझेशन, म्हणजे हा कंपोनंट हा इंटरफेस पूर्ण करतो. गोळ्याचं तेच काम लांबण लावून सांगितलेलं, इंटरफेस वेगळ्या चौकोनात सविस्तर दाखवायचा असेल तेव्हा कामाची, नाहीतर गोळा पुरे.

"पण आमच्या पुस्तकात तर वेगळाच चौकोन आहे"

हो, डाव्या कडेला दोन छोटे आयत बाहेर आलेला. ते यूएमएल १ मधलं कंपोनंटचं चिन्ह. यूएमएल २ पासून साधा चौकोन, त्यात दुहेरी कोनांत कंपोनंट असं लिहायचं, आणि हवं तर ते जुनं चिन्ह छोटं करून वरच्या उजव्या कोपऱ्यात. जुन्या पद्धतीत गोळा होता पण वाटी नव्हती, मागणाऱ्याकडून गोळ्यापर्यंत तुटक बाण काढायचे. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं चित्र चुकीचं आहे असं समजू नका, ते त्याच्या काळाचं आहे. फक्त एकाच चित्रात अर्धं जुनं अर्धं नवं करू नका, वाचणारा अडकतो.

"आमचं सगळं रेस्ट एपीआयवर चालतं, मेसेज क्यू आहे, तिथं गोळा-वाटी कुठं बसणार?"

एपीआय म्हणजे इंटरफेसच, गोळ्यावर त्याचं नाव टाका. क्यू म्हणजे मेसेजची रांग, एक त्यात टाकतो आणि दुसरा त्यातून घेतो, तिचं चित्र जरा विचार करून काढावं लागतं. पोरं मेसेज टाकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे थेट बाण काढतात, पण टाकणाऱ्याला घेणारा माहीतसुद्धा नसतो, क्यू वापरायचं कारणच ते. म्हणजे दोघंही क्यूवर अवलंबून आहेत. क्यू चालवणारा ब्रोकर हा तिसरा कंपोनंट काढा, त्याला दोन गोळे, "मेसेज टाका" आणि "मेसेज घ्या", आणि इकडून एक वाटी तिकडून एक वाटी. असं काढलं की ब्रोकर बंद पडला तर दोघांचंही अडणार हे आपोआप समोर येतं, थेट बाणात ते लपून राहतं.

"एवढं नीट काढून यूपीआयसारखी गडबड टळली असती का?"

खरं सांगायचं तर नुसत्या गोळा-वाटीनं नाही. एप्रिल २०२५ च्या गडबडीनंतर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या तपासात कारण पुढे आलं ते असं, की काही बँकांकडून "हा व्यवहार झाला का" ही विचारणा प्रमाणाबाहेर येत होती आणि त्या ओझ्यानं सिस्टिम मंदावली. जोडणी बरोबर होती, इंटरफेस बरोबर होता, मागण्याची संख्या जास्त होती. गोळा-वाटी कोण मागतो ते सांगते, किती वेळा मागतो ते सांगत नाही.

पण यूएमएलमध्ये त्याला जागा आहे. कनेक्टरला महिरपी कंसात अट जोडता येते, किंवा कोपरा दुमडलेल्या चौकोनात टीप लिहिता येते. आपल्या अॅपमध्ये हिशोब आणि पेमेंटच्या जोडणीवर "एका बिलामागे स्थिती जास्तीत जास्त ३ वेळा विचारायची, दर वेळी मध्ये थांबायचं" एवढी एक ओळ लिहिली तर कोड लिहिणाऱ्या पोराला ती दिसते आणि तो वेड्यासारखा लूप लावत नाही. एनपीसीआयनंही पुढे मर्यादा घातल्याच, ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपवर दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. अशी अट जोडणीवर आधीच लिहायची सवय पोरांना कॉलेजातच लागावी असं मला फार वाटतं, कारण नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपल्या कोडचं ओझं पडतंय हे कोणी आठवण करून देत नाही.

"कोड आहे ना, मग चित्र कशाला?"

चार फाइलींचा प्रोजेक्ट असेल तर खरंच नका काढू, वेळ वाया जातो. पण आठ-दहा भाग असतील, तिघं-चौघं जण वेगवेगळ्या गावांत बसून काम करत असतील, एक चोपड्यात एक पुण्यात, तर प्रत्येकानं आपल्या कंपोनंटचे गोळे आणि वाट्या आधी ठरवल्या की मग आत कोण काय करतोय याची वाट बघावी लागत नाही. हिशोबवाला खोटा भाव देणारा एक छोटा कंपोनंट बसवून आपलं काम टेस्ट करू शकतो, कारण वाटीला फक्त गोळा पाहिजे, तो कोणाचा आहे याच्याशी तिला मतलब नाही.

काढायला ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, त्यात यूएमएलच्या खणात गोळा आणि वाटी तयार मिळतात. फक्त फिरवताना वाटीचं तोंड कुठं झालंय ते बघा, उघडी बाजू गोळ्याकडे पाहिजे. आणि इंटरफेसचं नाव टाकल्याशिवाय एकही गोळा सोडू नका. व्हायवात बाहेरून आलेले सर बहुतेक तिथूनच सुरुवात करतात, "यातून काय मिळतं?" असं विचारतात, आणि नाव लिहिलेलं असलं तर उत्तर समोर कागदावरच असतं.